घरातील जुना संगणक आणि कागदपत्रांची दुसरी प्रत

प्रस्तुत स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे आणि कागद पाठवावेत, असे आवाहन माजी विद्यार्थ्यांना करण्यात आले, तेव्हा आमच्याकडे आलेल्या उत्तरांपैकी बरीच उत्तरे एकाच स्वरूपाची होती. "सर, फोटो होता, पण मोबाइल बिघडला त्यात गेला." "बॅचचा सगळा संग्रह एका डिस्कवर होता, ती आता लागत नाही." कोणी हलगर्जी केली असे नाही. उलट, प्रत्येकाने वस्तू जपून ठेवली होती. मात्र ती एकाच ठिकाणी जपून ठेवली होती.

हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळत नाही. आमच्या आईने जात्यावर बसून म्हटलेली भीमगीते आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली होती. ती संगणकावर घेतली, तेथून एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवली आणि जागा हवी म्हणून आधीच्या दोन्ही ठिकाणांहून पुसून टाकली. पुढे ती डिस्क टेबलावरून खाली पडली. दुरुस्ती करणाऱ्याने दोन आठवडे ठेवून घेतली आणि काही निघत नाही असे सांगून परत दिली. तोपर्यंत आई राहिली नव्हती. कागदाचे छायाचित्र पुन्हा काढता येते, आवाज पुन्हा मिळत नाही. त्या दिवसापासून हा विषय आमच्यासाठी केवळ तांत्रिक राहिलेला नाही.

इतिहासाचा शिक्षक या नात्याने आम्ही वर्गात एक प्रसंग नेहमी सांगतो. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून भारतात परतावे लागले. ते स्वतः एका बोटीने आले. त्यांचा ग्रंथसंग्रह दुसऱ्या बोटीने येत होता. पहिल्या महायुद्धाचा तो काळ. जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती दुसरी बोट बुडाली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. त्या काळी दुसरी प्रत ठेवणे त्यांच्या हाती नव्हते. आज ते आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी लागणारे साधन अनेकांच्या घरी माळ्यावर धूळ खात पडलेले आहे. त्या जुन्या संगणकापासून घरचा बॅकअप सर्व्हर, म्हणजे घरातील सर्वांच्या माहितीच्या प्रती सांभाळणारा संगणक कसा तयार करावा, हा या पाठाचा विषय आहे.

१. काय जपायचे आहे?

यंत्राकडे वळण्यापूर्वी जपण्याच्या वस्तूंचा विचार करू. आपल्या समाजातील कुटुंबांच्या दृष्टीने त्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग हक्काच्या कागदांचा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचा सातबारा. अनुसूचित जातीच्या दाव्याची पडताळणी होताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, हे प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. ज्या घरात आजोबा शाळेची पायरी चढणारे पहिलेच होते, त्या घरात तो एक पिवळा पडलेला कागद म्हणजे नातवाच्या प्रवेशाचा आधार असतो. २०१५ पासून डिजिलॉकरची सोय झाली आहे आणि तेथील निर्गमित दस्तऐवज मूळ कागदाच्या तोडीचे मानले जातात. परंतु सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा शाळेचा उतारा तेथे आपोआप येत नाही. तो आपल्यालाच जपावा लागतो. येथे एक भान ठेवावे. स्कॅन केलेली प्रत मूळ कागदाची जागा घेत नाही. परंतु मूळ कागद वाळवीने खाल्ला किंवा पुरात गेला, तर त्या प्रतीवरून शाळेचे नाव, वर्ष आणि नोंदीचा अनुक्रमांक कळतो आणि त्याआधारे प्रमाणित नक्कल पुन्हा मागता येते. क्रमांक नसेल तर शोध कोठून सुरू करावा हेच उमगत नाही.

दुसरा वर्ग स्मृतींचा: छायाचित्रे, पत्रे, लग्नपत्रिका, वडीलधाऱ्यांचे आवाज. तिसरा वर्ग चालू कामाचा: मुलांचे प्रकल्प, हिशेब, लेखन. या तिन्हींचा एकत्रित आकार फार मोठा नसतो. मोबाइलवरचे एक छायाचित्र सरासरी ४ एमबीचे धरले, तर २ टीबीच्या डिस्कवर सुमारे ५ लाख छायाचित्रे मावतात.

२. तीन प्रती, दोन माध्यमे, एक दूर

माहिती जपण्याचा सर्वमान्य नियम ३-२-१ या अंकांनी ओळखला जातो. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो रूढ केला. प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूच्या ३ प्रती असाव्यात, त्या किमान २ वेगवेगळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी १ प्रत घराबाहेर असावी. पहिली प्रत रोजच्या वापरातील संगणकावर किंवा मोबाइलवर असतेच. दुसरी आपण जुन्या संगणकावर ठेवणार आहोत. तिसरी बाहेरच्या डिस्कवर उतरवून दुसऱ्या गावी ठेवायची आहे. घराला आग लागली किंवा चोरी झाली, तर घरातील दोन्ही प्रती एकाच वेळी जाऊ शकतात. म्हणून तिसरीचे महत्त्व.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दोन डिस्क जोडून दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिण्याची जी 'रेड' नावाची पद्धत आहे, ती बॅकअप नव्हे. एक डिस्क बिघडली तर काम चालू राहते, हे खरे. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. तसेच मोबाइल आणि संगणक 'सिंक' ठेवणे हाही बॅकअप नव्हे. एका बाजूचा नाश दुसऱ्या बाजूला पोहोचत असेल, तर ती दुसरी प्रत नसून पहिलीची सावली असते.

३. यंत्राची निवड आणि साफसफाई

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबवले. पुढील आवृत्तीसाठी लागणारी टीपीएम २.० ही सोय नसल्यामुळे चांगले चालणारे अनेक संगणक त्या दिवशी 'जुने' ठरले. बॅकअपच्या कामासाठी मात्र ते पुरेसे आहेत. यंत्र ६४ बिटचे असावे, रॅम किमान २ जीबी, शक्यतो ४ जीबी असावी आणि मदरबोर्डवर किमान दोन हार्ड डिस्क जोडण्याची सोय असावी. मोठा पडदा, चांगले ग्राफिक्स यांची गरज नाही. मांडणी पूर्ण झाल्यावर मॉनिटर आणि कीबोर्डही काढून ठेवता येतात.

प्रथम त्या संगणकावर जे काही आहे ते दुसरीकडे उतरवून घ्यावे, कारण पुढच्या पायरीत त्याची डिस्क पूर्ण पुसली जाणार आहे. मग वीजजोडणी काढून आतील धूळ मऊ ब्रशने झाडावी आणि पंखा मोकळा फिरतो का ते पाहावे. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते, ती बदलावी. खर्च किरकोळ असतो, पण ती संपलेली असली तर संगणकाचा दिनांक दर वेळी चुकतो आणि प्रतींवरील तारखांवर विश्वास ठेवता येत नाही.

जुना संगणक चालेल. प्रती ठेवण्याची डिस्क मात्र नवी घ्यावी. या कामात पैसा कोठे खर्च करायचा असेल, तर तो येथे. जुनी छोटी डिस्क केवळ कार्यप्रणालीसाठी वापरावी. शक्य झाल्यास नव्या डिस्क दोन घ्याव्यात. त्यांचे काम पुढे स्पष्ट होईल. सोबत एक साधा यूपीएस असावा. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर फाइल आणि कधीकधी डिस्कवरील नोंदींची मांडणीही बिघडते.

४. कार्यप्रणाली बसवणे

या कामासाठी 'ओपनमीडियाव्हॉल्ट' ही मोफत प्रणाली सोयीची आहे. फोल्कर थाइले यांनी सुरू केलेली ही प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारलेली आहे. डेबियनची सुरुवात १९९३ ची. घरातील संगणकांना एकमेकांच्या फाइली दाखवणारी 'साम्बा' आणि केवळ बदललेला भाग नेमका उचलून नक्कल करणारी 'आरसिंक' (१९९६) या दोन्हींच्या मुळाशी अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन संगणकतज्ज्ञाचे काम आहे. ही सर्व साधने त्यांच्या कर्त्यांनी जगाला विनामूल्य आणि खुल्या स्वरूपात दिलेली आहेत. चोरून उतरवलेल्या प्रणालीची आपल्याला येथे गरज नाही.

पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) प्रणालीची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून 'रुफस'सारख्या साधनाने पेन ड्राइव्हवर लिहावी.

(आ) संगणक तारेने राउटरला जोडावा. नव्या डिस्कच्या तारा या वेळी काढून ठेवाव्यात, म्हणजे चुकीच्या डिस्कवर प्रणाली बसण्याचा धोका राहत नाही. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून सूचनांप्रमाणे प्रणाली बसवावी. ती ज्या डिस्कवर बसते ती संपूर्ण व्यापते. म्हणूनच माहितीसाठी डिस्क वेगळी लागते.

(इ) संगणक बंद करून नव्या डिस्क जोडाव्यात आणि पुन्हा सुरू करावा. पडद्यावर त्याचा आयपी पत्ता दिसतो. तो पत्ता घरातील दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये लिहिला की नियंत्रण-पृष्ठ उघडते. सुरुवातीचे नाव 'अॅडमिन' आणि परवलीचा शब्द प्रणालीचे नाव हाच असतो. तो जगाला माहीत आहे, म्हणून पहिले काम तो बदलण्याचे.

(ई) 'स्टोरेज' विभागात नव्या डिस्कवर 'ईएक्सटी४' पद्धतीची फाइल-मांडणी तयार करून ती जोडून घ्यावी. मग 'शेअर्ड फोल्डर' तयार करावेत. घरातील प्रत्येकासाठी वेगळा वापरकर्ता आणि वेगळा फोल्डर असावा. 'कागदपत्रे' हा फोल्डर सर्वांना वाचता यावा, पण लिहिण्याचा अधिकार एकदोघांनाच असावा. शेवटी 'एसएमबी' ही सेवा सुरू करून हे फोल्डर तीत समाविष्ट करावेत. प्रत्येक बदलानंतर वर एक पिवळी पट्टी दिसते. तिच्यावरील बरोबरची खूण दाबल्याशिवाय बदल लागू होत नाही. नवशिक्यांचा बराच वेळ येथेच जातो.

(उ) राउटरच्या मांडणीत या संगणकासाठी तोच आयपी पत्ता राखून ठेवावा. अन्यथा काही दिवसांनी पत्ता बदलतो आणि सर्व्हर 'हरवला' असे वाटते.

यानंतर विंडोजच्या संगणकावरून दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे आयपी पत्ता लिहिला की फोल्डर दिसू लागतात. विंडोजमधील 'फाइल हिस्टरी' या सोयीला तेथील फोल्डर दाखवून दिला की नक्कल आपोआप होत राहते. मोबाइलसाठी 'फोल्डरसिंक'सारखे अॅप वापरून छायाचित्रे केवळ सर्व्हरकडे जातील, मोबाइलवर पुसली तरी तिकडे पुसली जाणार नाहीत, अशी एकमार्गी मांडणी करावी.

पहिल्या नकलेला वेळ लागतो. राउटरची तारजोडणी १०० एमबीपीएसची असेल, तर सेकंदाला सुमारे ११ एमबी जातात. म्हणजे १०० जीबीसाठी अडीच तास. त्यानंतर रोज केवळ नवे आणि बदललेले जात असल्यामुळे काम काही मिनिटांत आटोपते.

५. दुसरी डिस्क कशासाठी?

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने अनेक देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. असा विषाणू घरातील संगणकात शिरला, तर त्या संगणकाला जे फोल्डर लिहिण्यासाठी उघडे आहेत त्यांनाही तो हात घालतो. म्हणून दुसरी डिस्क कोणत्याही संगणकाला दाखवू नये. सर्व्हरनेच ठरलेल्या वेळी पहिल्या डिस्कवरील मजकूर दुसरीवर उतरवावा आणि प्रत्येक दिवसाची प्रत वेगळी ठेवावी. 'आरस्नॅपशॉट' हे साधन ते करते. न बदललेली फाइल ते पुन्हा लिहीत नाही, केवळ तिचा दुवा ठेवते. त्यामुळे सात दिवसांच्या सात प्रतींना सातपट जागा लागत नाही. मुलाने मंगळवारी पुसलेली फाइल शनिवारी लक्षात आली, तरी सोमवारच्या प्रतीत ती सापडते.

डिस्क आजारी पडण्यापूर्वी बहुधा लक्षणे दाखवते. प्रणालीतील 'स्मार्ट' ही तपासणी सुरू ठेवावी. खराब म्हणून बाजूला काढलेल्या जागांचा आकडा वाढू लागला, तर डिस्क बदलण्याची वेळ आली असे समजावे. मात्र काही डिस्क कोणतेही लक्षण न दाखवताही बंद पडतात. तपासणी हा प्रतीला पर्याय नाही.

६. वीज आणि सुरक्षितता

जुना डेस्कटॉप स्वस्थ असतानाही सुमारे ५० वॉट वीज घेतो असे धरू. २४ तास चालू ठेवल्यास दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ युनिट होतात. सामान्य कुटुंबाला हा भार नको आहे, आणि त्याची गरजही नाही. संगणकाच्या बायोसमध्ये ठरावीक वेळी आपोआप सुरू होण्याची सोय पाहावी. बंद होण्याची वेळ प्रणालीत लावता येते. रात्री ८ ते ११ एवढेच चालवले, तर महिन्याचा खर्च साडेचार युनिटांवर येतो. पहिल्या दीड तासात घरातील संगणक आणि मोबाइल आपल्या प्रती पाठवतात, नंतर सर्व्हर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो आणि बंद होतो.

हा सर्व्हर घरापुरताच ठेवावा. बाहेरून पाहता यावा म्हणून राउटरमधील दारे उघडण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. ज्या पेटीत घराचे सर्व दाखले आहेत, ती रस्त्यावर उघडी ठेवण्यासारखे ते आहे.

तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर 'वेराक्रिप्ट'सारख्या साधनाने कुलूपबंद करून बहिणीच्या किंवा भावाच्या घरी ठेवावी. एकाऐवजी दोन डिस्क असल्यास एक घरी भरावी आणि एक बाहेर राहावी. अदलाबदलीसाठी दिवस ठरवून टाकावेत. आम्ही १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबर हे दिवस धरले आहेत, कारण त्या दिवशी कुटुंब एकत्र येते आणि विसर पडत नाही.

७. परत मिळवून पाहणे

ज्या प्रतीतून वस्तू परत काढून पाहिलेली नाही, तिला प्रत म्हणू नये. तीन महिन्यांतून एकदा कोणतीही पाच फाइली निवडून दुसऱ्या डिस्कवरून आणि बाहेरच्या डिस्कवरून उतरवाव्यात आणि त्या उघडतात का ते पाहावे. छायाचित्र दिसते का, ध्वनी पूर्ण ऐकू येतो का, दाखल्यावरील क्रमांक वाचता येतो का, हे डोळ्यांनी आणि कानांनी तपासावे. स्कॅन करताना कागदासाठी ३०० डीपीआय आणि छायाचित्रासाठी ६०० डीपीआय पुरेसे होतात. फाइलीच्या नावात वर्ष, व्यक्ती आणि दस्तऐवज यांचा क्रम पाळावा, म्हणजे दहा वर्षांनीही ती सापडेल.

आणखी एक गोष्ट. हे सारे घरातील एकाच व्यक्तीला कळत असेल, तर तिच्या डोक्यातील माहितीचीही एकच प्रत आहे. सर्व्हर कोठे आहे, डिस्क कोणाकडे आहे, परवलीचे शब्द कोणत्या बंद लिफाफ्यात आहेत, हे एका कागदावर स्पष्ट मराठीत लिहून घरातील दोघांना तरी दाखवून ठेवावे. घरातील मुलींना आणि गृहिणींना या कामात आरंभापासून बसवावे. कपाटातील कागद बहुधा त्यांनीच आजवर सांभाळलेले असतात.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील अशा पाच वस्तूंची यादी करा, ज्यांची आज एकच प्रत आहे.
२. १९५० पूर्वीचा कोणताही कौटुंबिक कागद असल्यास तो या आठवड्यात स्कॅन करून त्यावरील शाळा, वर्ष आणि अनुक्रमांक वेगळ्या वहीत लिहा.
३. माळ्यावरील संगणक ६४ बिटचा आहे का आणि त्याची रॅम किती आहे, ते तपासा.
४. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचा आवाज अर्धा तास ध्वनिमुद्रित करा आणि त्याच दिवशी त्याच्या तीन प्रती करा.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही वेळेत लिहिले नाही. आईच्या गाण्यांपैकी दोन ओळी आमच्या धाकट्या बहिणीच्या जुन्या मोबाइलवर, एका अर्धवट संदेशात पुढे सापडल्या. बावीस सेकंदांचा तो तुकडा आज तीन ठिकाणी आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना संगणकाचे काम येते, त्यांनी सुट्टीत गावी जाताना एक पेन ड्राइव्ह सोबत न्यावा आणि शेजारच्या एखाद्या घरातील जुने यंत्र या कामाला लावून द्यावे. शाळेने दिलेली विद्या परतफेडीच्या अपेक्षेने दिलेली नव्हती. तरीही अशा कामात ती वापरली गेली, तर आम्हा शिक्षकांना समाधान वाटेल.